वरोऱ्याच्या खाणीचा अपुरा जमाखर्च

चांदूर रेल्वे येथील आमचे एक वृद्ध स्नेही गेल्या आठवड्यांत कांहीं कामानिमित्त आमच्याकडे आले होते. त्यांचें घर स्थानकापासून फार दूर नाहीं. रात्रीं झोंप लागत नाहीं म्हणून मालगाड्या मोजीत पडून राहतों, असें त्यांनीं हंसत सांगितलें, आणि मग सहज विचारलें, "काय हो वकीलसाहेब, एंजिन तर आतां विजेवर चालतें, मग हा एवढा कोळसा जातो तरी कोठें?" आम्हीं सांगितलें कीं, तो आमच्याच अकोला जिल्ह्यांतील पारस येथें जातो, भुसावळला जातो, नाशिकजवळच्या एकलहऱ्यास जातो, तेथें त्याची वीज होते, आणि तारेंतून फिरून एंजिनाकडेच येते. एंजिनानें कोळसा सोडला असें नव्हे, त्याच्या जेवणाची पंगत दुसरीकडे बसूं लागली इतकेंच. स्नेह्यांचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं. कारण ते उठून गेल्यावर त्यांच्या प्रश्नाच्या पोटांतून दुसरा प्रश्न निघाला. चांद्याकडचा कोळसा ह्या लोहमार्गावरून पश्चिमेस जाऊं लागला त्यास आज सुमारें दीडशें वर्षें होत आलीं. तो पहिल्यानें ज्यांनीं खणून वर आणिला, त्यांचा हिशेब कोणत्या वहींत आहे?

चांदूर ह्या गांवाच्या नांवांतच रेल्वे आहे. चांदूर बाजाराशीं घोटाळा होऊं नये म्हणून ती जोड लागली आणि कायम राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला, आणि बडनेरा, चांदूर, धामणगांव, पुलगांव हीं स्थानकें कापसाच्या मुलखांत नेमकीं येऊन बसलीं. अमेरिकेंतील यादवी युद्धानें लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदुस्थानच्या कापसाची आठवण करून दिली होती, आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्यानें त्या वर्षांत रुपया पाहिला, हें आमच्या घरोघरच्या वडिलधाऱ्यांच्या गोष्टींतून आलेलें आहे. परंतु कापसानें गाडी भरते, चालत नाहीं. चालण्यास कोळसा लागतो, आणि तो त्या काळीं एक तर विलायतेहून जहाजानें मुंबईस यावयाचा, नाहीं तर बंगालहून लांबचा प्रवास करून. देशाच्या ऐन मध्यावर कोळसा सांपडला तर सोन्याहून पिवळें, असें सरकारास वाटलें असल्यास नवल नाहीं.

तो सांपडला वर्धा नदीच्या खोऱ्यांत. चांदा जिल्ह्यांतील वरोरा येथें १८७१ च्या सुमारास खाणीचें काम सुरू झालें, आणि त्याच दशकांत वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत सुमारें पंचेचाळीस मैलांचा फांटा टाकण्यांत आला. त्या फांट्याचें नांवच मुळीं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. माणसें नेण्याआणण्याची सोय त्यानें झाली ती ओघानें झाली. फांटा कोळशासाठीं होता, आणि तसें नांव देण्यांत निदान प्रामाणिकपणा तरी होता. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी, कारण पुढील सारा वाद तिच्यावर उभा आहे : वरोऱ्याची खाण कोणा शेटजींची किंवा इंग्रज व्यापाऱ्याची नव्हती. ती सरकारची होती. खाण सरकारची, फांटा सरकारचा, आणि कोळशाचें मोठें गिऱ्हाईक सरकारनें नफ्याची हमी दिलेली रेल्वे कंपनी. पस्तीस वर्षें कोळसा काढून झाल्यावर १९०६ मध्यें ही खाण बंद करण्यांत आली. त्यापूर्वींच बल्लारपूरकडे नव्या खाणीची तजवीज झाली होती.

ह्या पस्तीस वर्षांत त्या कोळशानें काय केलें, हें सांगण्यास पुरावा धुंडाळण्याची गरज नाहीं. जमशेटजी टाटा यांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरास 'एम्प्रेस' गिरणी सुरू केली. गिरणीसाठीं नागपूर निवडण्याच्या कारणांत जवळचा कापूस हें जसें एक होतें, तसें वरोऱ्याचा कोळसा हेंहि होतें. पुढें चांद्याच्या लोहारा भागांतील लोखंडावर टाटांचें मन गेलें. वरोऱ्याचा कोळसा त्यासाठीं पारखून पाहण्यांत आला, पण लोखंड गाळण्याच्या कामाचा तो ठरला नाहीं. तो ठरता तर आज जमशेदपूर कदाचित् चांद्यास असतें. असो. इतिहासांतील 'कदाचित्' वर अग्रलेख लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं.

आज वरोरा म्हटलें कीं महाराष्ट्रास आनंदवन आठवतें, आणि तें योग्यच आहे. एका वकिलानें वकिली टाकून समाजानें फेंकून दिलेल्या कुष्ठरोग्यांसाठीं तेथें जें उभें केलें, त्याची मान आमच्या धंद्यांतील प्रत्येकानें राखली पाहिजे. पण त्याच गांवाच्या भुईंत त्याच्या पाऊणशें वर्षें आधीं जीं माणसें उतरत होतीं, त्यांची आठवण त्या गांवाच्या नांवाबरोबर कोणाच्या तोंडीं येत नाहीं.

खाण म्हणजे काय, हें ज्यांनीं ती पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कोळशाचा थर जमिनीखालीं आडवा पसरलेला असतो. त्याच्यापर्यंत विहिरीसारखी उभी वाट किंवा उतरती वाट खणावयाची, आणि मग थरांतून बोगदे काढीत जावयाचें. सगळा कोळसा काढला तर वरचें छत खालीं येईल, म्हणून मध्यें मध्यें कोळशाचेच जाड खांब राखावयाचे. पहिल्या फेरींत बोगद्यांतला कोळसा निघतो. दुसऱ्या फेरींत, खाण संपत आली कीं, ते राखलेले खांबहि तासून काढावयाचे आणि छतास लांकडाचे टेकू देत देत मागें सरकावयाचें. धन्याचा फायदा दुसऱ्या फेरींत असतो, आणि मजुराचा मृत्यूहि बहुधा तेथेंच दबा धरून असतो. वर्धेच्या खोऱ्यांतील कोळशास आणखी एक खोड आहे : हवा लागून तो आपोआप तापतो आणि वेळप्रसंगीं पेट घेतो. अशा पोकळींत हातदिव्याच्या उजेडांत कुदळ चालवावयाची, आणि टोपली भरून वाकून चालावयाचें. छत करकरलें तर पळावयाचें, तेंहि वाकूनच.

उतरणारी माणसें कोण? हिंदुस्थानांतील कोळशाच्या खाणींत सर्वत्र जीं होतीं तींच : भूमिहीन, आदिवासी, अस्पृश्य मानलेल्या जातींतील, आणि दूरच्या प्रांतांतून पोट घेऊन आलेलीं. ज्यांच्या नांवावर सातबारा नाहीं त्यांना सात पुरुष जमिनीखालीं जावें लागावें, हा आमच्या समाजरचनेचा विनोद मोठा क्रूर आहे. त्यांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड होरपळून निघाले. जेव्हां गांवांत दाणा नसतो, तेव्हां खाणीच्या तोंडाशीं उभ्या राहिलेल्या माणसाला मजुरीचा दर विचारण्याचीहि शुद्ध राहत नाहीं, मग छताचे टेकू पुरेसे आहेत काय हें तो कोठून विचारणार?

आतां कायद्याकडे वळूं. आमचा धंदाच तो असल्यामुळें वाचकांनीं थोडा धीर धरावा.

विलायतेंत १८४२ मध्यें पार्लमेंटनें कायदा करून बायका आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणींत उतरविण्यास बंदी केली. ही गोष्ट कलकत्त्याच्या सरकारास ठाऊक नव्हती, असें कोणी म्हणणार नाहीं. असें असतां हिंदुस्थानांत खाणींचा पहिला कायदा झाला तो १९०१ मध्यें. तोहि सहज झाला नाहीं. १८९७ मध्यें कोलारच्या सोन्याच्या खाणींत ५२ माणसें मेलीं, आणि त्याच सुमारास बलुचिस्थानांतील खोस्त येथील कोळशाच्या खाणींत ४७. तेव्हां कोठें सरकारची लेखणी हलली. वरोऱ्याची खाण चालू झाली १८७१ मध्यें, कायदा झाला १९०१ मध्यें, खाण बंद झाली १९०६ मध्यें. वाचकांनीं बोटांवर मोजून पाहावें. पस्तीस वर्षांपैकीं तीस वर्षें ती खाण अशी चालली कीं, छत कोसळून माणूस मेला तर तें कोणास कळविण्याचें बंधन घालणारा खाणींचा कायदाच देशांत नव्हता. आणि ज्यानें तो कायदा करावयाचा, तोच खाणीचा धनी होता. ज्याच्या हातीं तराजू त्याच्याच हातीं दुकान, असा हा प्रकार.

कोणी म्हणेल, खाणींचा कायदा नसला तरी इतर कायदे होतेच कीं. होते. १८५५ चा तेरावा कायदा असा होता कीं, दुसऱ्याच्या चुकीनें माणूस मेला तर त्याच्या वारसांस नुकसानभरपाईचा दावा लावतां येई. परंतु इंग्रजी न्यायासनांनीं १८३७ पासून एक सूत्र काढून ठेविलें होतें : एका नोकराच्या चुकीनें दुसरा नोकर मेला, तर धनी जबाबदार नाहीं, नोकरी पत्करतांना त्यानें तो धोका पत्करलाच होता! खाणींत तर प्रत्येक अपघात कोणा ना कोणा सोबत्याच्या हातून झाला असें दाखवितां येतें. टेकू ज्यानें लावला तोहि नोकर, दिवा ज्यानें नेला तोहि नोकर. धनी नेहमींच वर असतो.

सरकारवर दावा चालत नसे म्हणावें, तर तसेंहि नाहीं. १८६१ मध्यें कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टानें एक प्रसिद्ध निकाल दिला. आमच्या लॉ कॉलेजांत तो आम्हीं पाठ केला होता. खिदिरपूरच्या सरकारी गोदींतील मजूर एक जड लोखंडी नळकांडें वाहून नेत होते. तेवढ्यांत पी. अँड ओ. ह्या आगबोट कंपनीची घोड्याची गाडी आली. मजुरांनीं गडबडीनें नळकांडें टाकलें, आवाजानें घोडे बिथरले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीनें साडेतीनशें रुपयांचा दावा केला. सर बार्न्स पीकॉक यांनीं असें ठरविलें कीं, जें काम खासगी व्यापारीहि करूं शकतो तें सरकार करीत असेल, तर त्या कामांतील हयगयीबद्दल सरकार जबाबदार आहे. निकाल उत्तम आहे. त्यावर आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. कोळशाची खाण चालविणें हें राज्य चालविणें नव्हे, व्यापार आहे. सबब हें सूत्र वरोऱ्यासहि लागू पडावयाचें होतें. फरक एवढाच कीं, घोड्याच्या मागें आगबोट कंपनी उभी होती. मजुराच्या मागें कोण होतें? वकिलाची फी, कोर्टाचा स्टँप, साक्षीदारांचा भत्ता हीं सर्व बाजूला ठेवा. आपल्याला असा कांहीं हक्क आहे, हें त्याच्या विधवेस सांगावयास तरी कोण गेलें असेल? त्या पिढींतील आमच्या वकिलांस जमीनजुमल्याच्या, दत्तकाच्या आणि वतनाच्या दाव्यांतून सवड होत नव्हती. हा शब्द आम्ही आमच्या धंद्याच्या पूर्वजांस उद्देशून लिहितों, आणि तो लिहितांना आम्हांस सुख होत नाहीं.

पुढें १९२३ मध्यें मजुरांच्या नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. सोबत्याच्या चुकीचें तें जुनें सूत्र त्यानें बरेंच बोथट केलें, आणि कोर्टकचेरीचा खटाटोप कमी केला, हें मान्य केलें पाहिजे. त्यांत मरणाची किंमत ठरली. प्रौढ मजूर मेला तर तीस महिन्यांची मजुरी किंवा अडीच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें. आणि मजूर अल्पवयी असेल तर? दोनशें रुपये. त्याच वर्षींच्या खाणींच्या नव्या कायद्यानें तेरा वर्षांखालील मुलांस खाणींत मनाई केली होती. म्हणजे तेरा पुरा झालेला पोरगा खाणींत जाऊं शके, आणि मेला तर त्याच्या बापाच्या हातीं दोनशें रुपये पडत. १८६१ सालचा साडेतीनशें रुपयांचा घोडा मेला नव्हता, नुसता जखमी झाला होता.

हा मजकूर वाचून परक्या सरकारावर दांत खाणें सोपें आहे, आणि आम्ही राष्ट्रीय पक्षाचे असल्यामुळें तें आमच्या स्वभावासहि मानवतें. पण सत्य तेवढ्यावर थांबत नाहीं. १८८१ मध्यें गिरण्यांतील मुलांच्या कामाचे तास आखणारा पहिला फॅक्टरी कायदा आला, तेव्हां आमच्याच परंपरेंतील राष्ट्रीय पत्रांनीं त्यास लँकेशायरचा कावा म्हणून विरोध केला. लँकेशायरचा स्वार्थ त्यांत होता, हें खोटें नव्हे. परंतु चोराच्या हातीं दिवा असला म्हणून उजेड खोटा ठरत नाहीं. त्या वेळीं मजुराच्या बाजूनें उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे; फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींतले, स्वतः गिरणींत नोकरी केलेले. त्यांच्या खटपटीनें १८९० च्या जूनमध्यें मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. खाणीच्या मजुरास आठवड्यांत एक दिवस विसांव्याचा हक्क कायद्यानें मिळण्यास १९२३ उजाडावें लागलें. तोंवर वरोऱ्याची खाण बंद पडून सतरा वर्षें झालीं होतीं. आमच्या पूर्वसूरींनीं लोखंड्यांच्या खांद्यास खांदा लावला असता तर ही तारीख कांहीं अलीकडे आली नसती काय?

बायकांची गोष्ट तर अधिकच लाजिरवाणी. १९२९ च्या नियमांनीं बायकांना जमिनीखालीं काम करण्यास बंदी झाली, पण बंगाल, बिहार-ओरिसा आणि आमचा मध्यप्रांत येथील कोळशाच्या खाणींस सवलत देण्यांत आली. त्यांनीं दरसाल थोड्या थोड्या बायका कमी करीत जावें असें ठरलें. म्हणजे जेथें बायका होत्या तेथें सवलत, आणि जेथें फारशा नव्हत्या तेथें बंदी! १९३७ मध्यें बंदी पुरी झाली. १९४३ मध्यें युद्धास कोळसा कमी पडूं लागला तेव्हां ती पुन्हां उठविली, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडहि होता. त्या वेळीं मजूर खातें डॉक्टर आंबेडकरांकडे होतें, आणि मध्यवर्ती कायदेमंडळांत ह्या निर्णयाचा बचाव करण्याचा कटु प्रसंग त्यांच्यावर आला. त्यांनीं ही तात्पुरती निकड आहे असें सांगितलें, आणि सारख्या कामास सारखी मजुरी हें तत्त्व पुढें ठेविलें. १९४३ च्या डिसेंबरांत ते धनबादच्या बाजूच्या खाणी स्वतः पाहून आले होते, आणि १९४४ च्या आरंभीं कोळसा मजुरांच्या कल्याणनिधीचा हुकूम निघाला. १९४६ च्या फेब्रुवारींत बंदी पुन्हां लागू झाली. आमचें मत विचाराल तर बंदी उठविणें चूक होती, मग तिचा बचाव कितीहि मोठ्या माणसास करावा लागो. परंतु खाणींत उतरून पाहणारा मंत्री आणि फायलींत उतरणारा मंत्री यांतला भेद आम्हांस कळतो.

मग स्वराज्य आलें. १९५४ मध्यें नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि वऱ्हाड त्याच राज्यांत होतें. त्याच राज्यांत, छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली येथील खाणींत १० डिसेंबर १९५४ रोजीं पाण्याचा लोंढा शिरून ६३ माणसें बुडालीं. आमच्याच सरकारच्या अमलाखालीं, आमच्याच राजधानीपासून थोड्या मजलेवर ही गोष्ट घडली. १९७३ मध्यें कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८ नोव्हेंबर १९७५ रोजीं, नागपूर जिल्ह्यांतील सिलेवाडा येथें पुन्हां पाणीच शिरलें व १० माणसें गेलीं. आणि त्यास सहा आठवडे होतात तों २७ डिसेंबरला बिहारांतील चासनाळा येथें पावणेचारशांच्या घरांत मजूर एका दमांत बुडाले. चासनाळ्यास वरच्या जुन्या, सोडलेल्या खोदकामांत पाणी सांचलें होतें, आणि तें खालच्या चालू खाणींत फुटलें. जुनी खाण सोडून दिली म्हणजे ती संपली असें नव्हे. ती पाणी धरून बसते. तिचा नकाशा चुकीचा असला किंवा हरवला, तर शेजारीं काम करणाऱ्याचा काळ होते. वर्धेच्या खोऱ्यांत आजहि नव्या जुन्या खाणी शेजारीं शेजारीं आहेत, म्हणून हें लिहीत आहों.

ह्यावर दोन आक्षेप आम्हांस आजच ऐकूं येत आहेत. पहिला असा कीं, सव्वाशें वर्षांपूर्वीं बंद पडलेल्या खाणींतले मुडदे उकरून काय मिळणार? ह्यास आमचें उत्तर वकिलाचें आहे. कोळशाचा हिशेब कोणी शिळा मानीत नाहीं. वरोऱ्यानें कोणत्या वर्षीं किती टन दिले, खर्च किती, नफा तोटा किती, हें सरकारच्या वार्षिक अहवालांतून छापलेलें आहे. दुसऱ्याच पानावर माणसें येतात म्हटलें कीं तेवढें पान मात्र जुनें कसें होतें? दुसरा आक्षेप असा कीं, कोळशावांचून गाडी नाहीं, वीज नाहीं, आणि हा लेख ज्या यंत्रावर छापला तेंहि चालावयाचें नाहीं. खरें आहे. खाणी बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांच्या घरांत दिवा लागतो त्यांनीं दिव्याची किंमत पुरी वाचावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे. आणि चांदूरच्या, धामणगांवच्या, अकोल्याच्या वाचकानें तर ती आधीं वाचावी, कारण त्याच्या वडिलांचा कापूस त्याच कोळशानें मुंबईस नेला.

आमची मागणी मोठी नाहीं. वरोऱ्याची खाण सरकारी होती. सबब तिचे हजेरीपट, पगारपत्रकें, दवाखान्याच्या नोंदी, बांधकाम आणि रेल्वे खात्यांशीं झालेला पत्रव्यवहार हीं सर्व लिहिलीं गेलींच असलीं पाहिजेत. नागपूर, मुंबई आणि दिल्ली येथील दप्तरखान्यांत त्यांचा शोध करण्यासाठीं राज्यसरकारनें दोन माणसें एक वर्षभर नेमावीं. जीं नांवें मिळतील तीं मराठींत छापावीं. जेथें नांव नसेल आणि 'एक कुली' एवढेंच लिहिलें असेल, तेथें तें तसेंच छापावें. तेंहि वाचण्यासारखेंच आहे. २००९ पासून केंद्राच्या कोळसा खात्यानें असा दंडक घातला आहे कीं, प्रत्येक खाणीनें ती बंद करण्याची योजना आधींच करावी आणि त्यासाठीं पैसा वेगळा ठेवावा. हा दंडक चांगला आहे. १९०६ मध्यें असें कांहींहि नव्हतें. त्या योजनेंत जमीन पूर्ववत् करणें, पाणी, झाडें यांबरोबर आणखी एक कलम घालावें : ह्या खाणींत कोण कोण मेले, कोणत्या दिवशीं, आणि कायमचा नोकर असो वा ठेकेदाराचा रोजंदार, त्याच्या वारसांस काय मिळालें, हें लिहून तें पान खाण बंद करण्याच्या दिवशीं त्या गांवच्या ग्रामपंचायतीच्या हवालीं करावें. ठेकेदाराच्या रोजंदाराचा उल्लेख आम्ही मुद्दाम करितों. आज उघड्या खाणींत माती हलविण्याचें पुष्कळ काम ठेक्यानें होतें, आणि ठेक्याच्या माणसाचें नांव ठेकेदाराच्या वहीबरोबरच हरवण्याचा संभव असतो. नागपुरास वेस्टर्न कोलफील्ड्सची कचेरी आहे; तिनें कायद्याची वाट न पाहतां हें पान स्वतः होऊन सुरू केलें, तर तिचा खर्च कागदापुरताच होईल.

सरकार जें करील तें करील. दप्तरांत जें नाहीं तें कधींकधीं घरांत असतें. ज्या कुटुंबांत वरोऱ्याच्या, बल्लारपूरच्या, घुग्गुसच्या किंवा न्यूटन चिखलीच्या खाणींत उतरलेल्या आज्याची, पणज्याची, आजीची आठवण राहिली असेल, त्यांनीं ती आमच्या कचेरीकडे लिहून पाठवावी : नांव, मूळ गांव, कामाचा प्रकार, आणि अपघात झाला असल्यास वर्ष. वर्ष नक्की आठवत नसेल तर 'मोठ्या दुष्काळाच्या आधीं' किंवा 'पटकीच्या सालीं' असें लिहिलें तरी चालेल. पत्र मराठींत असो, हिंदींत असो, गोंडींत असो वा तेलुगूंत. वाचून घेण्याची व्यवस्था आम्ही करूं. लिहितां येत नसेल त्यांनीं गांवच्या शाळामास्तरांकडून लिहवून घ्यावें, टपालहंशील आम्ही भरूं. चांदूरचे आमचे वृद्ध स्नेही स्थानकाजवळच राहतात. तिकडील मंडळींनीं पत्रें त्यांच्याकडे दिलीं तरी तीं आम्हांस पोंचतील, कारण त्यांनीं तें काम आपण होऊन मागून घेतलें आहे.